बहात्तराव्या मिनिटाला

आमच्या भाषेत डिस्क बर्न करत नाहीत,
डिस्क लिहितात.
कुताइसीच्या बाजारामागे, ओतिया चांभाराला लागून
माझं दीड मीटरचं दुकान. पाटीवरही तेवढंच:
लिहून मिळेल.
काही म्हातारे चुकून अर्ज लिहून घ्यायला येतात.
मी तेही लिहून देतो.

म्झेविनार ओनीच्या पुढच्या गावातली.
पहाटेच्या मार्श्रुत्काने आली, पिशवीत राजमा
आणि रुमालाच्या गाठीत पेन ड्राइव्ह,
कुणाचा तरी पडलेला दात जपून आणावा तसा.
मुलगी इटलीत, बारीला. एका आजारी बाईला अंघोळ घालते, भरवते,
रात्री दोघी सिनेमे बघतात.
"त्यातलाच एक मला बघायचाय," म्झेविनार ओरडून म्हणाली.
स्वतःला ऐकू येत नाही, तर तिला सगळं जगच बहिरं वाटतं.
"कॉम्प्युटर नाही माझ्याकडे. चिनी डबा आहे,
थाळी घातली की चालतो."

फाइल उघडली. सिनेमा इटालियन,
सोबत ओळींची वेगळी फाइल, खातुनाने स्वतः टाइप केलेली,
चौदाशे बारा ओळी, सगळ्या रात्रपाळीतल्या.
आधी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले,
रिकाम्या खिडक्यांची रांग.
एन्कोडिंग बदललं, फॉन्ट बदलला,
मग एकेका खिडकीत दिवा लागत गेला.
तेव्हा दुसरं दुखणं कळलं: ओळी मागे पडत होत्या.
तिने पाहिलेली प्रत वेगळी असणार.
हा सिनेमा सेकंदाला पंचवीस चित्रं धावतो,
तिच्या ओळी चोवीसच्या हिशेबाने चालतात.
सुरुवातीला पाऊलभर, तासाभरात अडीच मिनिटं.
बाई दार आपटून केव्हाच गेलेली
आणि खाली उमटतं: "बस ना जरा."

ताणलं, दाबलं, दर दहा मिनिटांनी ओठ बघितले.
असं बघत बघत बहात्तराव्या मिनिटाला आलो.
खिडकीशी एक माणूस संत्रं सोलत होता.
चार मिनिटं कुणीच बोलत नाही.
आणि खाली आलं:
"आई, यंदाही यायला जमत नाही."
सहा सेकंद. मग नुसती साल.

मी मागे गेलो, आवाज वाढवला.
तो माणूस काहीच बोललेला नव्हता.

ओळी दोन तऱ्हेने घालता येतात.
एक सुटी, रिमोटचं बटण दाबलं की जाते.
दुसरी चित्रातच मुरवायची, लोणच्यात मीठ मुरतं तशी.
मग ती काढायची तर चित्रच खरवडावं लागतं.
म्झेविनारच्या रिमोटची चारच बटणं धड आहेत
म्हणून मुरवली,
असं मी ओतियाला सांगितलं.

रात्रभर मशीन धापा टाकत होतं.
सकाळी चारच्या स्पीडने लिहिली, सोळाच्या नाही;
घाईत लिहिलेली थाळी जुन्या डब्यात अडखळते.
पाच लारी ठरले होते, तीन घेतले.

ती परत उतरली ऑक्टोबरात. पुन्हा राजमा.
सिनेमा कसा होता?
"त्या माणसाला काही कामधंदा नाही वाटतं.
एक संत्रं, आणि केवढा वेळ!"
मग पिशवीतून कोरी डिस्क काढली, कुठून मिळवली कोण जाणे.
"अजून एक लिही. बारीला धाडायची."
तिच्याकडे फाइल आहे की, मी म्हणणार होतो.
"आणि तिथेच, तिच्या ओळीनंतर,
माझी एक घाल."
काय घालू?

मार्श्रुत्कावाल्याने दोनदा हॉर्न दिला.
तिला तो ऐकू आलाच नाही.
ओतियाने एक टाच ठोकून संपवली, दुसरी घेतली.
"लिही," अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ती म्हणाली,
"संत्रं आंबट होतं का?"

किती सेकंद ठेवू, मी पाच बोटं दाखवून विचारलं.
तिने माझा दुसरा हातही उघडला.